स्टोन टाउनला (झांझिबार) चाललोय, पिशवीत काय भरून आणू?

मीठमोहरी | ५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आठ दिवस झांझिबारला चाललोय. मी, नवरा, ११ वर्षांची लेक आणि सासूबाई. आधी किनाऱ्यावर, मग शेवटचे दिवस (१० ते १३ जानेवारी) स्टोन टाउनमध्ये. किनाऱ्याचं सगळं ठरलंय, त्यावर इथे जुने धागे भरपूर आहेत. माझा प्रश्न फक्त खरेदीचा.

व्हिडिओ बघून बघून डोकं गरगरलंय. प्रत्येक जण त्याच गल्लीत जातो आणि तेच लाकडी जिराफ दाखवतो. मुळात त्या बेटावर जिराफ आहेत का? मला कपाटावर धूळ खात बसणारं काही नकोय. सासूबाईंना मसाले हवेत, लेकीला "काहीतरी चकाकणारं", नवऱ्याला जुनं पितळी कुलूप (जुन्या वस्तूंचा नाद, घरात आधीच अकरा कुलपं आहेत आणि एकाचीही किल्ली नाही). मला तिथलंच असं काहीतरी हवंय. शिवाय जाऊबाईंसाठी एक बरी भेट घ्यायची आहे. त्यांना एखादी गोष्ट पसंत पडणं म्हणजे... असो.

घासाघीस किती करायची, शिलिंग न्यायचे की डॉलर, कुठे फसवतात, सगळं सांगा.

---

फुकटचंबू | ५ नोव्हेंबर, रात्री ९:५२

बेटावर जिराफ नाहीत. हत्तीही नाहीत. पण दारांवर हत्ती अडवायचे खिळे आहेत. खुलासा नाखुदा करतीलच, मी दाणे घेऊन बसतो.

---

उंबरठा | ५ नोव्हेंबर, रात्री ११:१५

मीठमोहरी, दार-ए-सलाममध्ये नऊ वर्षं झाली मला. दर पाहुण्याला बोटीने स्टोन टाउनला नेणं हा आमचा घरचा उद्योगच झालाय. सुचेल तसं लिहिते.

आधी गाव समजून घ्या. दोन बाजूंना समुद्र आणि तिसऱ्या बाजूला पूर्वी खाडी होती. ती बुजवून आता तिथे रस्ता झालाय. म्हणजे बेटाच्या पोटात जवळजवळ दुसरं बेटच. त्या खाडीवर पूल होता. पूल म्हणजे 'दाराजा', म्हणून तिथल्या बाजाराचं नाव दाराजानी. पुलापलीकडचं ते 'न्गांबो', म्हणजे नुसतंच 'पलीकडे'. पाहुणे अलीकडे फिरतात, तिथली माणसं खरेदीला पलीकडे जातात. एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मे पैसे वाचतील.

गल्ल्यांमध्ये हरवणार हे धरूनच चला. फोनवरचा नकाशा तिथे फार उपयोगाचा नाही, दोन घरांच्या मधून आभाळाची नुसती पट्टी दिसते. घाबरू नका. सरळ चालत राहिलं की समुद्र लागतो नाहीतर मोठा रस्ता.

तुमच्या तारखांत एक गोम आहे. १२ जानेवारी हा १९६४ च्या क्रांतीचा दिवस, सार्वजनिक सुट्टी. बरीच दुकानं बंद असतील. खरेदी १० आणि ११ ला उरका. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेलाही शटर खाली असतात.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले. कुणी तोंडावर बोलणार नाही, पण दुकानदाराच्या वागण्यात फरक पडतो.

'पपासी' हा शब्द पाठ करा. मूळ अर्थ गोचीड. वाट दाखवायच्या निमित्ताने चिकटतात आणि त्यांनी नेलेल्या दुकानात त्यांचं कमिशन तुमच्या किमतीत चढतं. "हपाना, असांते" (नको, धन्यवाद) हसून म्हणायचं आणि पुढे चालायचं. थांबून समजावायला गेलात की संपलं.

आणि गंमत आधीच सांगते म्हणजे दचकणार नाही: स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण आणि 'काका' म्हणजे भाऊ. तुम्हाला दिवसभर "दादा, दादा, करीबू!" ऐकायला मिळेल आणि तुमच्या यजमानांना "काका".

---

फुकटचंबू | ५ नोव्हेंबर, रात्री ११:२१

म्हणजे "काका, मला वाचवा" तिथे म्हटलं तर भाऊ धावून येणार. इतिहासच बदलला असता.

---

हिशोबी_तात्या | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

पैशाचं थोडक्यात. चलन टांझानियन शिलिंग. ढोबळमानाने ३० शिलिंगांना एक रुपया धरा, निघताना ताजा दर बघा. डॉलर न्यायचे तर कोऱ्या नोटा. २००९ च्या आधीच्या नोटा बरेच जण घेत नाहीत, कोपरा दुमडलेलीही परत देतात. गल्लीतल्या दुकानात शिलिंगच द्यावेत. डॉलरमध्ये भाव सांगितला की तो आपोआप फुगलेला असतो. कार्डाची भिस्त ठेवू नका.

खरेदीचा हिशोब करताना बेटाचा सक्तीचा विमा विसरू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना, मोठ्या माणसांना माणशी ४४ डॉलर. आपला इकडे काढलेला प्रवासविमा त्याऐवजी चालत नाही. चौघांचे मिळून होतील तेवढे बाजूला काढूनच मसाल्याच्या गप्पा करा.

---

टिंब_टिंब | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

स्पष्ट बोलतो. तिथे खरेदी करण्यासारखं काहीही नाही. लाकडी कोरीवकाम मुख्य भूमीवरचं, मसाई मणी मुख्य भूमीवरचे, टांझानाइटचा निळा खडा तर किलिमांजारोच्या बाजूचा. कापड आपल्याच जेतपूर-बालोतऱ्याकडून छापून जातं. विमानाने जाऊन आपलाच माल आणायचा. समुद्र बघा, परत या.

---

गोधडी | ६ नोव्हेंबर, दुपारी १२:४८

टिंबराव, माहिती बरोबर, निष्कर्ष चुकला. पैठणीचं रेशीम बंगळुरूकडून येतं म्हणून पैठणी कानडी होते का? कांगा, म्हणजे तुम्ही म्हणता तेच कापड, कुठे छापला जातो हा एक प्रश्न. तो बोलतो कुठल्या भाषेत, हा दुसरा. मी कापडातली आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर खाली सरका.

कांगा म्हणजे साधारण दीड मीटर लांब आणि मीटरभर रुंद सुती आयत. चारी बाजूंनी रुंद काठ, तो 'पिंदो'. मधलं अंग, ते 'म्जी'. आणि मधल्या अंगात खालच्या बाजूला एक ओळ छापलेली असते, ती 'जीना', म्हणजे नाव. कांग्याचा जीव त्या ओळीत आहे. म्हण असते, टोमणा असतो, प्रार्थना असते, प्रेमपत्र असतं. बाई तोंडाने जे बोलू शकत नाही ते कमरेला गुंडाळून शेजारणीच्या दारावरून जाते. नवरा बायकोला देतो, मुलगी आईला देते, बाळ पाठीला बांधायला तोच, लग्नात तोच आणि मयतालाही तोच.

गोष्ट तशी फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या किनाऱ्यावरच्या बायका पोर्तुगीज हातरुमालांचे तागे घेऊन, रुमाल सुटे न करता जोडून अंगावर घ्यायच्या. त्यावरून 'लेसो' हे नाव, केनियाकडे अजून तेच म्हणतात. 'कांगा' म्हणजे गिनी कोंबडी, सुरुवातीच्या ठिपक्यांच्या नक्षीवरून पडलेलं नाव. मोंबासाला १८८७ मध्ये कादरदिना हाजी इसाक नावाच्या भारतीय वंशाच्या व्यापाऱ्याने धंदा सुरू केला. त्यांच्या कांग्यांवर 'माली या अब्दुल्ला' अशी खूण असायची, 'अब्दुल्लाचा माल'. म्हणजे धंद्यात आपली माणसं पहिल्यापासून होती, पण ओळ कायम स्वाहिलीच राहिली.

घेताना:

कांगा जोडीनेच विकतात. जोडीला 'डोटी' म्हणतात. दोन तुकडे न कापलेले सलग असतात आणि दोन्हींवर ओळ तीच. एक कमरेला, एक डोक्या-खांद्यावर. मैत्रिणी किंवा मायलेकी एकेक वाटूनही घेतात. कापून काठ शिवून देणारे शिंपी बाजारातच मशीन मांडून बसलेले असतात.

ओळ नसेल तर तो कांगा नव्हे. जाड, चकचकीत, ओळ नसलेला तो 'किटेंगे'. त्याचे झगे छान होतात, पण ते वेगळं कापड. आणि पुरुषांची चौकटी-पट्ट्यांची लुंगी ती 'किकोई'. पर्यटकी दुकानात तिन्ही 'कांगा' म्हणून खपवतात.

नवा कांगा खळीमुळे कागदासारखा लागतो, दोन धुण्यांत मऊसूत होतो. पहिल्यांदा वेगळा धुवा. लाल काठ सासूबाईंच्या पांढऱ्या साडीला भेटला तर तुमचं काही खरं नाही.

आणि ओळीचा अर्थ विचारल्याशिवाय घेऊ नका. हे मी ठळक का केलंय ते विचारू नका.

---

मीठमोहरी | ६ नोव्हेंबर, दुपारी १:१०

गोधडी, वाखूसा (वाचनखूण साठवली)! हेच हवं होतं. एखाददुसरी ओळ सांगा ना.

---

गोधडी | ६ नोव्हेंबर, दुपारी २:३३

'हाबा ना हाबा हुजाझा किबाबा': थोडं थोडं करून माप भरतं. आपलं थेंबे थेंबे तळे साचे.

'हराका हराका हैना बराका': घाईत बरकत नाही. बराका म्हणजे आपलीच बरकत, फोड करून सांगायलाच नको.

'वेमा हाउओझी': चांगुलपणा नासत नाही, कुजत नाही. ही भेट द्यायला निर्धोक.

आणि माझी आवडती, अर्थ एवढाच सांगते: सिंहाला त्याच्या दातांसाठी भिते, माणसाला त्याच्या बोलण्यासाठी नाही.

---

उंबरठा | ६ नोव्हेंबर, दुपारी ३:०२

गोधडीला शंभर टक्के अनुमोदन. कांगा गिझेंगा रस्त्यावरच्या शोभेच्या दुकानांतून नको. दाराजानीच्या बाजूच्या कापडगल्लीत जा, जिथे तिथल्या बायका गठ्ठे उपसत असतात. तिथे फारशी घासाघीस नसते, कारण भाव सगळ्यांना ठाऊक असतो. "बेई गानी?" म्हणजे केवढ्याला. "पुंगुझा किदोगो" म्हणजे थोडं कमी करा. 'घाली' म्हणजे महाग. एवढ्या तीन शब्दांवर मी पहिलं वर्ष काढलं.

शोभेच्या दुकानांत पहिला भाव हा गप्पा सुरू करायचा भाव असतो. निम्म्याने सुरुवात करा, दोन-तृतीयांशाच्या आसपास तुटतं. पण एक सांगते. आपल्या लोकांना शेवटचे दोन हजार शिलिंग सोडवत नाहीत, आणि ते साठ-सत्तर रुपये असतात. एका पाहुण्यांनी वीस मिनिटं हुज्जत घालून म्हाताऱ्या टोपलीवालीकडून एवढेच वाचवले आणि संध्याकाळी समुद्रकाठच्या हॉटेलात चहाला त्याच्या चौपट दिले. मी मान खाली घालून बसले होते.

टोपल्यांवरून आठवलं. झापांच्या विणलेल्या चटया आणि टोपल्या पूर्ण तिथल्या. रंगवलेल्या पट्ट्या विणून मग पट्टीला पट्टी शिवतात. वजनाला काहीच नाही आणि परतीची खरेदी त्यातच भरता येते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे बंदी आहे, तेव्हा इथून पिशव्या घालून नेऊ नका. समुद्री शेवाळाचा साबणही चांगला. पूर्व किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी बायका शेवाळाची शेती करताना दिसतील तुम्हाला, त्याच शेवाळाचा.

---

जायपत्री | ६ नोव्हेंबर, रात्री ८:१९

मसाल्याला माझा हात लागल्याशिवाय धागा पुढे जाणे नाही.

लवंग ('कराफू'): घ्याच. पण एक खुलासा, बहुतेक लवंग पेंबा या शेजारच्या बेटावर होते. १८७२ च्या वादळाने मुख्य बेटावरच्या लवंगेच्या बागा झोपवल्या, पेंबा बरंच वाचलं. आजही लवंगेची निर्यात सरकारी महामंडळाच्याच हातात आहे. पारख अशी: नखाने दाबली की तेल दिसलं पाहिजे आणि डोक्यावरची गोळी शाबूत हवी. शंका आली तर पाण्यात टाका. तेल असलेली लवंग उभी राहते किंवा बुडते. तेल काढून घेतलेली आडवी तरंगते.

दालचिनी: तिथली साल जाडसर पण वास सुरेख. काडी मोडून हुंगा, पूड घेऊ नका. पूड कुठल्याच मसाल्याची घेऊ नका. वेलदोडा आपला आपल्याला पुरे. जायफळ चांगलं मिळतं, बघून कीड नसलेलं घ्या. काळी मिरी मात्र झकास.

केशर: झांझिबारमध्ये केशर होत नाही. चिमटीएवढ्या डब्यात 'झांझिबार केशर' विकतात, ते करडईची फुलं असतात किंवा सरळ हळद लावलेलं काहीतरी.

मसाल्याच्या बागेच्या सहलीत शेवटी टेबल मांडतात. माहिती छान देतात, पण तिथल्या रंगीत गवताच्या टोपलीतल्या पुड्या बाजारापेक्षा बऱ्याच महाग. बागेत शिका, दाराजानीत घ्या. आणि सकाळी जा, दुपारी मासळीबाजाराच्या वासात मिरीचा वास कळायचा नाही.

---

नाखुदा | ६ नोव्हेंबर, रात्री १०:४४

लवंगेचा विषय निघाला म्हणून. १९३७-३८ मध्ये भारतात काँग्रेसने झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार घातला होता. तिथल्या सरकारने लवंगेचा व्यापार बागाईतदारांच्या एका संघाच्या हातात देऊन भारतीय व्यापाऱ्यांना बाजूला सारलं, म्हणून. भारत तेव्हा झांझिबारी लवंगेच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. बहिष्कार चांगलाच लागला आणि १९३८ मध्ये तडजोड झाली. आपल्या आज्या-पणज्यांनी त्या वर्षी मसालेभातात काय घातलं असेल कोण जाणे.

आता खिळे. मोठमोठ्या दारांवर पितळेचे टोकदार गोळे दिसतात ती भारतीय धाटणी. आपल्याकडे वाड्याच्या नाहीतर किल्ल्याच्या दारावर ते हत्तीने धडक मारू नये म्हणून. तिथे आले ते नुसते श्रीमंती दाखवायला. वर कमान असलेलं दार भारतीय वळणाचं, सरळ आडव्या चौकटीचं अरबी. आधी दार उभं करायचं आणि मग त्याभोवती घर बांधायचं, असंही तिथे सांगतात.

नवऱ्यांच्या कुलपाबद्दल: जुन्याच्या नावाखाली नवं पितळ मिठाच्या पाण्यात काळं केलेलं असतं. पितळी पट्ट्यांच्या लाकडी पेट्यांचंही तेच. गंमत म्हणजे 'झांझिबारी पेटी' म्हणून जगभर मिरवणाऱ्या जुन्या पेट्यांच्या प्रकारांची नावंच 'सुरत', 'बॉम्बे' आणि 'शिराझी' अशी आहेत. टिंबराव म्हणतात ते तिथे लागू पडतं खरं.

पण आपलं तिथे असणं नुसतं मालापुरतं नव्हतं. १९३६ पर्यंत तिथे रुपया चालायचा. मग दीड शिलिंगाला एक रुपया या दराने बदलला. दुकानाला तिथे 'दुका' म्हणतात, लाखाला 'लाकी', गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा', गोणीला 'गुनिया'. सुलतानाची जकात गोळा करायचा मक्ता वर्षानुवर्षं कच्छी भाटियांच्या पेढीकडे होता. आणि हेही सांगायलाच हवं, की ज्या व्यापारावर हे गाव उभं राहिलं त्यात हस्तिदंत होतं, लवंग होती आणि माणसंही होती. गुलामांचा बाजार १८७३ मध्ये बंद झाला. त्या जागेवर आता चर्च आहे, दाराजानीपासून चालत काही मिनिटांवर. खरेदीच्या मध्ये तास काढून जाऊन या. लेक ११ वर्षांची आहे, तिला समजेल.

---

टिंब_टिंब | ७ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन. बाकी मत कायम.

---

उंबरठा | ७ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

लेकीच्या चकाकण्याबद्दल राहिलंच. टांझानाइट १९६७ मध्ये सापडला आणि जगात एकाच ठिकाणी मिळतो, अरुशाजवळच्या मेरेरानीच्या टेकड्यांत. बहुतेक खडे मातकट निघतात, भाजल्यावर निळे होतात. ती फसवणूक नाही, रीतच आहे. पण खडा नरम असतो, अंगठीत रोज घालायचा नाही. प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका आणि रस्त्यावरच्या माणसाच्या खिशातून तर मुळीच नाही. ११ वर्षांच्या मुलीला काचेच्या मण्यांचा गळपट्टा घ्या, मुख्य भूमीवरचा असला तरी.

टिंगाटिंगा चित्रं दिसतील भिंतभर, ठिपक्यांचे प्राणी, चकचकीत रंग. ही शैली दार-ए-सलामची, एडवर्ड सैदी टिंगाटिंगा यांनी १९६८ च्या सुमारास सुरू केलेली. हार्डबोर्डच्या चौकोनावर सायकलचा तैलरंग. १९७२ मध्ये ते गेले, पण शिष्यांनी शैली चालू ठेवली. मला आवडतात. नुसती बेटाची म्हणून घेऊ नका.

काळ्या लाकडाची मूर्ती घ्यायची तर हातात तोलून बघा. 'म्पिंगो' दगडासारखा जड असतो, पाण्यात बुडतो. हलकी वाटली आणि बोटाला काळं लागलं तर तो बुटाचा पॉलिश.

शंख, पोवळं, कासवाच्या पाठीच्या वस्तू, हस्तिदंत: हातही लावू नका. विमानतळावर अडकाल, आणि अडकणंच योग्य.

---

मीठमोहरी | २६ जानेवारी, रात्री १०:०५

धागा वर काढतेय. सगळ्यांचे मनापासून आभार, आता आमचा वृत्तान्त.

पहिल्या दिवशी तासाभरात हरवलो. नवऱ्याला कुणीतरी "काका" म्हणाल्यावर त्याने केस विंचरले. माझं "दादा" झालंच, आणि सासूबाईंना 'बीबी' म्हणत होते. तिकडे बीबी म्हणजे आजी. त्यांनी ते न विचारताच मान्य करून टाकलं.

सासूबाई हा या सहलीचा खरा शोध. एक शब्द स्वाहिली येत नाही, मराठीतूनच बोलत होत्या आणि सगळं चालत होतं. लवंग दाबून, हुंगून, चावून घेतली. केशरवाला मागे लागला तेव्हा एक तंतू तळहातावर पाण्याच्या थेंबात ठेवला. पाणी पटकन पिवळंधम्मक झालं. त्या म्हणाल्या, "हळद आहे बाळा, आमच्याकडे पोतं आहे." त्याला काय कळलं माहीत नाही, पण तो खळखळून हसला आणि आम्हाला मिरीच्या चांगल्या दुकानाचा रस्ता त्यानेच दाखवला. कमिशन मिळालं असेल तर त्याच्या नशिबाने.

आता माझा पराक्रम. कापडगल्लीत कांग्यांच्या चार जोड्या घेतल्या. शिंप्याकडे काठ शिवायला दिल्या. तो म्हणाला "सा कूमी". कूमी म्हणजे दहा हे मी पाठ केलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला हजर! शिंपी हसतोय. शेजारच्या बाईने सांगितलं की तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे पहिला तास, म्हणजे 'सा कूमी' दुपारी चार. सासूबाई लगेच, "मग बरोबरच आहे, पंचांगात घटका कशा मोजतात?" तो दिवस ११ तारीख होता, दुसऱ्या दिवशी सगळं बंद, म्हणून चारला पुन्हा धावत जाऊन आणल्या. उंबरठा, तुम्ही बाराची आठवण दिली नसती तर कांगे तिथेच राहिले असते.

चर्चला गेलो. खालच्या बुटक्या खोल्या बघून लेक बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. मग दुपारी कुठलंच दुकान नको म्हणाली. मण्यांचा गळपट्टा शेवटच्या दिवशी घेतला.

नवऱ्याने कुलूप घेतलंच. मिठाचं पाणी वगैरे मीही सांगून पाहिलं. पण या कुलपाला किल्ली आहे, एवढं पदरात पाडून घ्या.

कांग्यांचा फोटो टाकतेय. डावीकडून: माझा, आईचा, सासूबाईंचा, जाऊबाईंचा (गर्द जांभळा, आंब्याच्या कोयऱ्या). जाऊबाईंना चक्क आवडला! काल रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला खांद्यावरून घेऊन मिरवल्या. मी भरून पावले.

---

उंबरठा | २६ जानेवारी, रात्री १०:४१

सुंदर वृत्तान्त. मीठमोहरी, पहिल्या तिन्ही ओळी छान आहेत, तुमच्यावर 'वेमा हाउओझी' आहे. जांभळ्यावरची ओळ कुणाला विचारली होतीत का हो?

---

मीठमोहरी | २६ जानेवारी, रात्री १०:४४

तिघींच्या विचारल्या होत्या. चौथा अगदी शेवटी घेतला, दुकान बंद होत होतं, रंगच इतका सुरेख होता. का?

---

गोधडी | २६ जानेवारी, रात्री १०:५०

अगं बाई.

---

उंबरठा | २६ जानेवारी, रात्री १०:५३

'हसिदी हाना सबाबू'. सबाबू म्हणजे आपली सबब. हसिदी म्हणजे मत्सरी माणूस. 'जळणाऱ्याला जळायला सबब लागत नाही.'

---

फुकटचंबू | २६ जानेवारी, रात्री १०:५४

दाणे संपले. पण मी कुठेही जात नाहीये.

---

मीठमोहरी | २६ जानेवारी, रात्री ११:०२

हे भगवान. तीस बायकांसमोर. वर मीच फोटो काढले. त्यांना स्वाहिली येत नाही, माझ्या ओळखीत कुणालाच येत नाही. कुणी काही बोलायचं नाही, धागा इथेच बंद करूया.

---

गोधडी | २६ जानेवारी, रात्री ११:०९

ठळक केलं होतं मी. त्याच ओळीचा मी माझ्या वन्संना दिला होता.

---

जांभळा_काठ | २७ जानेवारी, सकाळी ८:१५

नमस्कार. या संकेतस्थळावर आजच खातं उघडलंय, वाचते मात्र सहा वर्षं. मीच ती जाऊबाई. "त्यांना पसंत पडणं म्हणजे... असो" यातलं 'असो' नोव्हेंबरमध्येच वाचलं होतं.

ओळीचा अर्थ मला कांगा हातात पडला त्याच संध्याकाळी कळला, फोनवर शोधला. म्हणून तर हळदीकुंकवाला मुद्दाम ओळ वर दिसेल अशी घडी घातली. जोडीत दोन असतात आणि दोन्हींवर तेच लिहिलेलं असतं, असं गोधडीताईंनी वर सांगितलंय. एक मी ठेवलाय. दुसरा इस्त्री करून तयार आहे, रविवारी तुझ्याकडे घेऊन येते. दोघींनी एकदम घालू, फोटो सासूबाई काढतील.

लवंग थोडी जास्तीची आणली असशील तर काढून ठेव.